हाडांसाठी काय कामाचं: चरबी की स्नायू?

जाड माणसाच्या डेक्सा तपासणीत हाडांची घनता बहुधा चांगली येते. वजन पेलावं लागतं म्हणून हाड घट्ट होतं. शिवाय रजोनिवृत्तीनंतर चरबीच्या पेशी थोडं इस्ट्रोजेन बनवतात आणि त्यामुळे हाडांची झीज मंदावते. पडल्यावर मांसल नितंब खुब्याला गादीसारखे वाचवतात, पण घोट्याला तसं संरक्षण नसतं. लठ्ठ व्यक्तींमध्ये घोट्याचं फ्रॅक्चर उलट जास्त दिसतं.

चरबी कुठे आहे हेही बघा. पोटातली, अवयवांभोवतीची चरबी दाह वाढवणारी रसायनं सोडते आणि ती हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. नुसता वजनकाटा हे सांगत नाही. कंबरेचा घेर मोजा.

स्नायूंचं काम जास्त थेट आहे. स्नायू आखडला की कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) हाडाला ओढते, हाड किंचित वाकतं, आतल्या पेशींना तो ताण कळतो आणि त्या जागी नवं हाड भरलं जातं. ताण पडतो तिथेच हा फायदा होतो, म्हणून दंडाच्या व्यायामाने खुबा मजबूत होत नाही. शिवाय पायांत ताकद असेल तर तोल सावरतो, पडणंच टळतं.

निवड करायची तर स्नायूच. आठवड्यातून 2-3 दिवस स्क्वॉटसारखे व्यायाम, 8-12 वेळा, वजन हळूहळू वाढवत. ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) असेल तर पाठ गोल करून वाकणं टाळा, मणका चेपू शकतो. आणि फक्त उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायू आणि हाडही जातं.