फोर बाय फोरमधली एटीएफ गळती: पॅन, पुढचं सील की ट्रान्सफर केसचा जोड?

ऑटोमॅटिक फोर बाय फोर गाडीखाली लाल थेंब दिसले की गॅरेजमधून बहुधा तीनपैकी एक सल्ला मिळतो. पॅनचं (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ताटलीचं) गॅस्केट बदला, ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) जोडातलं सील बदला, नाहीतर पुढचं सील गेलंय म्हणून गिअरबॉक्स उतरवा. पहिलं काम साधारण दोन तासांचं. दुसऱ्यात ट्रान्सफर केस खाली येते, पण गिअरबॉक्स जागेवरच राहतो. अर्धा दिवस धरा. तिसऱ्यात दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केस, क्रॉसमेंबर आणि शेवटी गिअरबॉक्स असं सगळं उतरतं, दीड-दोन दिवस सहज जातात. ऑइल तेच असतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ, थेंबही जवळपास एकाच जागी पडतात, मजुरी मात्र कुठल्या कुठे जाते. त्यामुळे गळतीची जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नका.

ते एटीएफच आहे ना?

टोयोटाचं कूलंट गुलाबी असतं आणि एटीएफ लाल, त्यामुळे फॉर्च्युनरखाली ही गफलत हमखास होते. वाटीभर पाण्यात थेंब टाका. एटीएफ वर तरंगतं आणि तवंग धरतं, कूलंट पाण्यात मिसळून जातं. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगच्या बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगलाही एटीएफच असतं. ओल पुढच्या एक्सलपासूनच सुरू होत असेल तर आधी तिकडचे पाइप बघा. डिझेल इंजिनचं ऑइल काळं असतं. ट्रान्सफर केसमध्ये गिअर ऑइल असेल तर गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही.

मात्र सगळ्याच ट्रान्सफर केसमध्ये गिअर ऑइल नसतं. एक्सजे पिढीच्या जीप चेरोकीत गिअरबॉक्स आणि एनपी२३१ ट्रान्सफर केस, दोन्हींत एटीएफ असतं, तिथे रंग-वास काहीच सांगत नाहीत. याउलट जनरल मोटर्सच्या ऑटो-ट्रॅक ट्रान्सफर केसचं ऑइल निळं असतं, म्हणून तिथे ओळख सोपी. आपल्या गाडीत काय भरतात ते पुस्तकात बघून मगच निदानाला लागा.

पावडर की यूव्ही डाय?

गळतीची जागा शोधण्याच्या या दोन्ही पद्धतींच्या आधी एक काम सारखंच: खालचा स्किड प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा) काढा. गळालेलं ऑइल त्यावर साठतं आणि भलत्याच भोकातून टपकतं, त्यामुळे प्लेट लावलेल्या गाडीखालचा थेंब काहीच सिद्ध करत नाही. मग डीग्रीझर मारून गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस स्वच्छ धुवा, पण प्रेशरचा फवारा ब्रीदरवर (आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीवर) आणि वायरिंगच्या कनेक्टरवर थेट मारू नका.

पावडरची पद्धत स्वस्त आहे. सगळं कोरडं झालं की टाल्कम पावडर शिंपडा, गाडी १५-२० किलोमीटर चालवून पूर्ण गरम करा आणि लगेच खाली बघा. ऑइल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली जातं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हाच उगम, खालचा थेंब नव्हे. मोठी गळती यात एका फेरीत सापडते. बारीक पाझर मात्र दिसत नाही, आणि पावसाळ्यात रस्त्याचं पाणी पावडर धुऊन नेतं.

यूव्ही डायला, म्हणजे अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या रंगाला, पैसे जास्त लागतात, पण फोर बाय फोरसाठी मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. ऑइलसाठीचा डाय बाटलीवर लिहिलेल्या मापाने फक्त गिअरबॉक्समध्ये घाला, ट्रान्सफर केसमध्ये अजिबात नको. ५० ते १०० किलोमीटर चालवा, मग अंधारात यूव्ही दिवा धरा. बाहेरची वाट तर उजळतेच, शिवाय ट्रान्सफर केसच्या ऑइलमध्येही तीच चमक दिसली तर मधलं सील गेल्याचा पुरावा मिळाला. दोन्हींत एकाच रंगाचं ऑइल असतानाही ही खूण चुकत नाही. डाय घालण्याआधी दोन्ही ऑइलं दिव्याखाली एकदा बघून ठेवा, काहींना मुळातच थोडी चमक असते. अडचण एकच: डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये डाय फिल प्लगमधून घालावा लागतो आणि नंतर ठरलेल्या तापमानाला ओव्हरफ्लो प्लगवर पातळी पुन्हा लावावी लागते. हे करायला स्कॅनर असलेलं गॅरेज हवं.

पॅन आणि त्याचे भास

पॅनचा काठ ओला दिसतो म्हणून गॅस्केट गेलं असं नाही. वरून येणारं सगळं ऑइल शेवटी पॅनच्या काठावरच लोंबतं. सिलेक्टर शाफ्टचं (गिअर लिव्हरने फिरणाऱ्या दांड्याचं) सील, वायरिंग कनेक्टरची बाही आणि कूलरच्या पाइपांचे जोड हे तिघे पॅनच्या वर बसतात, आणि तिघांचंही काम गिअरबॉक्स न उतरवता होतं. झेडएफच्या सहा गिअरवाल्या ६एचपी गिअरबॉक्समध्ये ही कनेक्टरची बाही नेहमीची दुखणाईत. कूलरचा पाइप जिथे रबराला चिमटलेला असतो तिथे गळती गरम आणि दाबाखाली असतानाच होते. थंड गाडीत हात लावला तर जोड कोरडा.

आणखी एक फसवणूक फक्त फोर बाय फोरमध्येच होते. पुढचा प्रोपेलर शाफ्ट गिअरबॉक्सच्या कडेने जातो. ट्रान्सफर केसचं पुढचं आउटपुट सील गळत असेल तर फिरता शाफ्ट ते ऑइल पॅनवर उडवतो. गाडीच्या फ्लोअरला खालून आणि पॅनच्या एकाच बाजूला गोलाकार शिंतोडे असतील तर हेच. काही गाड्यांत टू-व्हीलला हा शाफ्ट फिरतच नाही, म्हणून तपासताना थोडं अंतर ४एचमध्ये (फोर-व्हील, हाय) चालवा, तेही मातीच्या किंवा ओल्या रस्त्यावर. पार्ट-टाइम यंत्रणा (गरज पडली तरच चारही चाकं जोडणारी) कोरड्या डांबरावर ४एचमध्ये वळवली तर ती ताणली जाते.

गॅस्केटच दोषी निघालं तर बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कलाच आवळा. आकडा लहान असतो, बहुतेकदा ५ ते १२ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने जास्त आवळलं की पत्र्याचा काठ वाकतो आणि नवं गॅस्केटही गळतं.

पुढचं सील की मागचा जोड?

खरा महागडा निर्णय हा. पुढचं सील, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) मानेवरचं, गेलं तर ऑइल बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या आवरणाच्या) खालच्या फटीतून येतं, इंजिन चालू असताना वाढतं, आणि इन्स्पेक्शन कव्हर काढलं की आतल्या भिंतीवर भिरकावलेलं दिसतं. तिथेच काळं ऑइल असेल तर इंजिनचं मागचं सील दोषी आहे, गिअरबॉक्सचा त्यात काही दोष नाही. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिल्यावरच डबकं दिसत असेल, तर लगेच पुढच्या सीलला धरू नका. उभ्या गाडीत कन्व्हर्टरमधलं ऑइल हळूहळू पॅनमध्ये उतरतं, पातळी वर चढते आणि एरवी कोरडं राहणारं सिलेक्टर शाफ्टचं सील पाझरू लागतं.

मागच्या, म्हणजे ट्रान्सफर केसच्या, जोडाची खूण वेगळी. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं आणि ट्रान्सफर केसचं अशी दोन सील असतात आणि मध्ये एक छोटं भोक. एक सील गेलं की ऑइल त्या भोकातून टपकतं. भोक नसेल, तर गिअरबॉक्सची पातळी घटत राहते आणि जमीन मात्र कोरडी. ट्रान्सफर केसचा फिल प्लग उघडून बघा. गाडी सपाट असताना ऑइल प्लगच्या खालच्या काठाशी असायला हवं. गिअर ऑइलच्या केसमधून धार लागली आणि ती लालसर असली तर निदान झालं. खात्रीसाठी दोन्हींचं ऑइल वेगवेगळ्या मापात काढा. सव्वा लिटरच्या केसमधून दोन लिटर निघालं, तर वरचं पाऊण लिटर गिअरबॉक्सचं आहे.

दोन्हींपैकी कुठलंही सील बदलायच्या आधी ब्रीदर तपासा. चिखलाने तो बुजला की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही ऑइल बाहेर टाकतं. ओढे-नाले ओलांडणाऱ्या गाडीत हे पहिलं काम, आणि फुकटचं.

पुढचंच सील निघालं तर कन्व्हर्टरच्या मानेवर नखाला लागणारी चरी आहे का ते पाहायला सांगा, पंपाचं बुशही. मान खरवडलेली असेल तर नवं सील काही महिन्यांत पुन्हा गळेल. सगळं उतरलंच आहे तर इंजिनचं मागचं सील आणि ट्रान्सफर केसच्या जोडातलं सील त्याच मजुरीत बदलून घ्या. गळती थांबवणारी बाटली फक्त वयाने कडक झालेल्या, जेमतेम पाझरणाऱ्या सीलवर थोडे दिवस उपयोगी पडते. फाटलेल्या सीलवर नाही.

चालवायची की उचलायची?

पॅनच्या काठावर ओल, दिवसाला थेंब-दोन थेंब आणि पातळी ठीक: दुरुस्तीची वेळ ठरवून तोवर चालवा. डी किंवा आरमध्ये टाकल्यावर गाडी उशिरा उचलत असेल, घाट चढताना आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, किंवा ऑइल एक्झॉस्टवर पडून धूर येत असेल, तर तिथेच थांबा. ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटलाय. मग इंजिनही चालू करू नका, ऑइलमध्ये शिरलेल्या कूलंटच्या पाण्याने क्लचचं अस्तर सुटतं. अशी गाडी दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, चारही चाकं वर असलेल्या फ्लॅटबेडवरच न्यायची.