अल्फाब्लॉक्स: बरेच महिने बघितल्यानंतरचा अनुभव, आणि फोनिक्स क्लास का सोडला

अल्फाब्लॉक्स या लहान मुलांच्या ब्रिटिश कार्टून सिरीजबद्दल (यात इंग्रजी अक्षरंच पात्रं असतात) लिहीन लिहीन म्हणत राहून जात होतं, पण काल क्लासवाल्यांनी उरलेल्या फीबद्दल "नॉन रिफंडेबल आहे मॅडम, फॉर्मवर लिहिलंय" एवढं बोलून फोन ठेवला आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे, निदान दुसऱ्या कोणाचे तरी पैसे वाचतील. आमच्या नेरूळमध्ये सध्या जिकडे बघावं तिकडे फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या क्लासच्या, पाट्या दिसतात. तिमाहीचे ४,५०० आधी मोजून घेतात, वर एक वर्कबुक आणि एक पिशवी देतात, आणि शिकवतात काय तर बऽ, कऽ, टऽ, मऽ. सगळा घोळ इथेच आहे आणि मी जास्त करून त्यावरच लिहिणार आहे. सिरीज कुठली, कशी दिसते वगैरे लहान मूल असलेल्या घरात सगळ्यांना माहीतच असतं.

तर मुद्दा असा की इंग्रजी अक्षराचा आवाज सुटा काढायचा असेल तर त्याच्या शेपटाला 'अ' चिकटून चालत नाही. आपल्याला लहानपणापासून क म्हणजे क्+अ असंच म्हणायची सवय, त्यामुळे शिकवणारी बाई पण बऽ म्हणते आणि मूल पण बऽ म्हणतं. मग बऽ-ॲ-टऽ जोडून 'बॅट' होणार कसं? माझी लेक क्लासमधून आली की सी, ए, टी समोर ठेवल्यावर तिन्ही आवाज धडाधड म्हणायची, आणि आता एकत्र म्हण सांगितलं की नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. क्लासमध्ये सांगितलं तर म्हणे होईल हळूहळू, वय लहान आहे. वय लहान होतं, चार पण पूर्ण नव्हती, पण अडचण वयाची नव्हतीच.

अल्फाब्लॉक्समध्ये हा 'अ' कुठे शिरूच देत नाहीत. एम काहीतरी खाताना म्म्म् करतो, एस सापासारखा स्स्स् करतो, एफमधली हवा निघून जाते फ्फ्फ्, एचला धाप लागलेली असते, झेड सारखा पेंगत असतो. ए च्या डोक्यात सफरचंद पडतं आणि ती ॲ! करून ओरडते. हे नुसतं गमतीसाठी नाहीये, त्यात डोकं लावलंय. म्, स्, फ्, न् हे आवाज खेचून धरता येतात, म्हणून स्स्सअन्न्न् असं सलग म्हणत गेलं की 'सन' आपोआप तोंडात येतं. ब्, ट्, क् खेचता येत नाहीत, ते तोडून टाकावे लागतात, आणि सगळे क्लास नेमके तिथेच मागे अ लावून मोकळे होतात.

हे आमच्या घरात सगळ्यात आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या मराठी शाळेत पहिलीला शिकवायच्या. एक दिवस भाजी निवडत निवडत टीव्हीकडे बघत होत्या आणि म्हणाल्या, "अगं, ही सगळी पाय मोडलेली अक्षरं आहेत की!" मला एकदम पटलं. त्यांनी लगेच पाटी काढली, वर इंग्रजी एम आणि खाली म्, वर टी आणि खाली ट्, असं लिहून लेकीला दाखवलं, आणि पाय मोडलेलं अक्षर म्हणताना तोंड लगेच बंद करायचं एवढाच नियम सांगितला. बॅटमधला ॲ आणि हॉटमधला ऑ पण आपल्याकडे लिहिता येतोच. मराठी मुलांना हे शिकवणं खरं तर किती सोपं आहे बघा, आपल्या लिपीत सगळी सोय आहे, फक्त क्लासवाल्यांना ती वापरायची नाहीये कारण मराठी अक्षर दिसलं की म्हणे इंग्लिश मिडियमचे पालक नाराज होतात.

त्यानंतर काही आठवड्यांत फरक पडला. अक्षरं हात धरतात, आपापला आवाज करतात, आवाज जवळ जवळ येतात, शब्द तयार होतो आणि लगेच ती वस्तू समोर उगवते, हे लेक टीव्हीसमोर उभी राहून स्वतः करायला लागली. आजीचा हात धरून "तू ट् हो" म्हणायची. मग एका रविवारी वाशीला गेलो होतो, तिथे केळ्याच्या वेफर्सचं दुकान, पाटीवर मोठ्ठं लिहिलेलं. तिने माझा हात ओढून थांबवलं, ह्-ऑ-ट्, हॉट, मग जरा थांबून च्-इ-प्-स्, चिप्स. सी आणि एच मिळून च् होतो हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं, ते तिने सिरीजमधूनच उचललं. दुकानदाराला काही कळेना की ही बाई का रडतेय.

आता खरंच वाचतेय की पाठ झालंय ही शंका मला पण होती. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांची फोनिक्सची तपासणी होते, त्यात ४० शब्द असतात आणि त्यातले २० चक्क बनावट, काहीच अर्थ नसलेले, म्हणजे पाठांतर चालणारच नाही. हे कळल्यावर मी पण कागदावर 'व्हॅप', 'लेम', 'झिग' असले शब्द इंग्रजीत लिहून दिले. तिने वाचले, आणि मला विचारलं, "आई, झिग म्हणजे काय?" मग माझी खात्री पटली. सिरीज बीबीसीच्या सीबीबीज चॅनलवर २०१० च्या जानेवारीत सुरू झाली, त्याच्या थोडं आधी, २००६ मध्ये, तिकडे सरकारसाठी केलेल्या रोझ अहवालाने आवाज जोडून वाचायला शिकवण्याची पद्धत शाळांनी धरावी असं सांगितलं होतं, त्यामुळे मागे नीट आखलेला अभ्यासक्रम आहे हे जाणवतं. उगाच ए फॉर ॲपलची गाणी नाहीत.

सुरुवातीला मी सिरीजला पाचपैकी तीनच गुण दिले असते, कारण ब्रिटिश उच्चार. कार, स्टारमधला शेवटचा र् ऐकूच येत नाही, लेक काऽ म्हणायला लागली आणि शाळेत कोणी हसेल की काय असं वाटायचं. आता मत बदललंय. काऽ आपोआप कार झालं, घरी आणि शाळेत जे ऐकतात तेच मुलं बोलतात. उलट व्ही आणि डब्ल्यूचा फरक तिला त्या उच्चारांमुळेच कळला, आपण दोन्हीला व च म्हणतो, ती मात्र व्हॅनला खालच्या ओठावर दात टेकवते आणि वेटला ओठ गोल करते. म्हणून आता साडेचार.

अर्धा कापला तो यूट्यूबसाठी. एकेक भाग पाचेक मिनिटांचा, बघून उठलं की झालं, पण तिथे तासातासाचे जोडलेले व्हिडिओ असतात आणि त्यात क्रमाचा पत्ता नसतो. साधे तीन अक्षरी शब्द चालू असतात आणि मधेच टोपी घालून मॅजिक ई येतो. तो शेवटी गप्प बसतो आणि आधीच्या स्वराचा आवाज बदलून टाकतो, कॅपचं केप, हॉपचं होप. हे खूप छान दाखवलंय, पण ज्या मुलाला अजून कॅप नीट येत नाही त्याला केप दाखवून काय उपयोग? लेकीने मधे सगळ्याच शब्दांना ए चं एऽ करायला सुरुवात केली होती, बॅटला बेट. मग मी ऑटोप्ले बंद केलं, एकेक भाग शोधून क्रमाने कागदावर यादी केली, आणि मोबाईलवरून टीव्हीला लावून रिमोट कपाटात. जाहिराती येतात त्या येतातच. पण ४,५०० पुढे जाहिराती चालतील.

आणि एक, हे आपल्याकडच्याच पालकांना लागू आहे. स्टेशनच्या पाट्या. लेकीने आपल्या नेरूळ स्टेशनची इंग्रजी पाटी आवाज जोडून वाचली, न्-ए-र्-अ-ल्, आणि म्हणाली "आई, नेरळ आलं!" गेल्या सुट्टीत माथेरानला जाताना नेरळला उतरलो होतो ना. नियमाने बघितलं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं, इंग्रजी शब्दात यू चा आवाज असाच होतो, सन, बस. वाशी वाचली तर 'वॅशि', सानपाडा 'सॅनपॅडॅ'. आपली नावं इंग्रजीत लिहिली की एकच ए कधी अ असतो कधी आ, आणि कुठलीही फोनिक्सची सिरीज हे शिकवणार नाही, ते त्यांचं कामच नाही. सासूबाईंनी सरळ तोडगा काढला: गावाचं नाव असेल तर मराठीत वाचायचं, इंग्रजी शब्द असेल तर आवाज जोडायचे. पाटीवर मराठी असतंच. आता लोकलमध्ये बसलं की ती दोन्ही ताडून बघते आणि कुठे जुळत नाही ते आम्हाला सांगते. जुईनगरला अजून रोज भांडते.

अडकते ती फक्त 'द', 'वॉज', 'सेड' असल्या शब्दांना. हे आवाज जोडून येत नाहीत, ते आम्ही चिठ्ठ्या करून फ्रिजवर लावलेत आणि रोज जेवायच्या आधी एकेक म्हणून घेतो. बाकी लिहायला शिकवायची अपेक्षा सिरीजकडून ठेवू नका, त्याला पाटी-पेन्सिलच लागते. ज्यांचं मूल साडेतीन-चारचं आहे त्यांनी आधी एकेका अक्षराच्या ओळखीचे भाग, मग तीन अक्षरी शब्द, मग सीएच, एसएच, टीएच, आणि मॅजिक ई अगदी शेवटी असं लावा. दिवसाला दोन भाग पुरतात, आणि बघताना शेजारी कोणीतरी बसा, कारण 'अ' चिकटला तर तो तिथल्या तिथे काढायला कान लागतो.