पन्नासची लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब: कासच्या हंगामापासून आंब्याच्या मोहोरापर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक्स्टेन्शन ट्यूबचा सेट घेतला आणि तेव्हापासून तो माझ्या पन्नासच्या लेन्सला जवळपास चिकटलेलाच आहे. कास पठाराचा फुलांचा हंगाम झाला, दिवाळीनंतरच्या दवाच्या सकाळी झाल्या, आता आंब्याचा मोहोरही झडत आला. आमच्या साताऱ्याच्या कॅमेरावाल्या मंडळींत "मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी अगदी जवळून मोठ्या टिपणारी) घेऊ की ट्यूबवर भागेल?" हा प्रश्न सारखा निघतो, म्हणून वापरून जे कळलं ते नीट लिहून काढते.

माझ्याकडे कॅनन २००डी आहे आणि त्यावर ५० एमएम एफ/१.८ एसटीएम, म्हणजे नव्याने शिकणाऱ्या निम्म्या लोकांकडे असतं तेच. ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. आत काच वगैरे काही नाही. लेन्स सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र जिथे उमटतं त्या पट्टीपासून, लांब सरकली की ती जास्त जवळचं फोकस करू लागते, एवढंच ट्यूबचं काम. माझ्या सेटमध्ये १२, २० आणि ३६ एमएमच्या तीन नळ्या आहेत, सुट्या लावा नाहीतर एकावर एक.

कुठली ट्यूब काय देईल याचा हिशेब सोपा आहे. ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंथने भागायचं. ३६ भागिले ५० म्हणजे ०.७२. पन्नासची ही लेन्स मुळात सर्वांत जवळच्या फोकसला ०.२१ पट देते, ती मिळवली की सुमारे ०.९३. म्हणजे वस्तू सेन्सरवर जवळजवळ खऱ्या आकाराची उमटते. खात्री करायची तर फूटपट्टीचा फोटो काढा. २००डीचा सेन्सर साधारण २२ एमएम रुंद आहे, तेव्हा फ्रेमच्या रुंदीत पट्टीचे जेमतेम २४ एमएम दिसतात. रुपयाचं नाणं आडवं मावतं आणि वरखाली कापलं जातं. तिन्ही नळ्या एकत्र लावल्या तर पट्टीवरचा दीड सेंटिमीटरच फ्रेमभर होतो.

ह्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते, जी दुकानात कुणी सांगत नाही. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या १८ एमएमला ३६ ची ट्यूब लावली तर फोकस लेन्सच्या काचेच्याही आत पडतो, बाहेर काहीच स्पष्ट दिसत नाही. उलट २५० एमएमच्या झूमला तीच ट्यूब फारसा फरक पाडत नाही. पन्नास ते शंभरच्या दरम्यानची लेन्स असेल तरच या खर्चाला अर्थ आहे.

घेताना एकच गोष्ट बघा: सोनेरी कॉन्टॅक्ट असलेल्याच ट्यूब घ्या. बिनकॉन्टॅक्टच्या फारच स्वस्तात मिळतात, पण त्यांतून कॅमेरा लेन्सशी बोलत नाही. मग अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, बदलता येत नाही. एसटीएम लेन्सची फोकसची रिंगसुद्धा विजेवर चालते, त्यामुळे हाताने फिरवूनही फोकस हलत नाही. शे-पाचशे वाचवायच्या नादात सगळं हातचं जातं.

आता वापराबद्दल. पहिल्या आठवड्यात पाऊस कोसळत होता, बाहेर पडणं शक्यच नव्हतं. घरातल्या जिऱ्यावर, हळकुंडावर, भिंतीवरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्यावर हात बसवला. ऑटोफोकस १२ च्या ट्यूबवर कसाबसा चालतो, ३६ वर मात्र मोटर नुसती पुढेमागे करत राहते. आमच्यातले एक काका आहेत, शाळेतून निवृत्त झालेले, फिल्मच्या काळापासून कॅमेरा हातात असलेले. माझे फोटो बघून ते म्हणाले, "अगं पोरी, रिंगला हात लावू नकोस. ती एकदा ठेव आणि तू हल." या ट्यूबबद्दल मला मिळालेली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच. फोकस मॅन्युअलवर टाकायचा, किती मोठं हवं ते रिंगने ठरवायचं आणि मग संपूर्ण शरीर दोन-चार मिलिमीटर पुढे-मागे न्यायचं. डोळा स्क्रीनवर. जे हवं ते धारदार झालं की लगेच बटण, आणि एकच नाही, चार-पाच फ्रेम सलग. त्यांतली एखादी नेमकी लागते. कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकलेलं असलं पाहिजे, श्वास सोडून थांबलेला असला पाहिजे.

एवढी कसरत कशासाठी? ३६ च्या ट्यूबवर अपर्चर एफ/८ ठेवलं (हा आकडा मोठा तितकं भोक लहान) तरी स्पष्ट दिसणारा पट्टा एक मिलिमीटरच्याही आत असतो. कोळ्याचे समोरचे दोन मोठे डोळे धारदार आले तर मागचे पाय धूसर जाणारच. मग वाटतं, अपर्चर बंद करत जाऊ, एफ/२२ लावू. तिथेही फार हाती लागत नाही. लेन्स पुढे सरकल्याने प्रकाश कमी पोचतो, जवळपास दोन स्टॉप, म्हणजे साधारण चौथा हिस्साच उरतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एफ/८ लिहिलेलं असलं तरी या अंतरावर ते प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं. त्यापुढे आणखी बंद केलं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्यामुळे, पूर्ण चित्रच मऊ पडतं. मी एफ/८ आणि एफ/११ यांच्या पलीकडे जात नाही. काका सांगतात, फिल्मच्या काळात बेलोज (ट्यूबसारखाच लेन्स पुढे नेणारा भाता) लावले की हा प्रकाशाचा हिशेब कागदावर मांडावा लागायचा. आता कॅमेरा लेन्समधूनच प्रकाश मोजतो म्हणून आपण सुटलो.

पट्टा वाढवता येत नसेल तर विषयच त्या पट्ट्यात बसवायचा. फुलपाखराचे पंख मिटलेले असतील तर सेन्सर पंखांना समांतर धरा, दोन्ही टोकं एका फ्रेममध्ये स्पष्ट येतात. जरा तिरपं झालं की अर्धा पंख गेला. आमच्यातला एक इंजिनीअरिंगचा मुलगा स्टॅकिंग करतो, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून ते संगणकावर एकत्र जोडतो. घरात, हलत नसलेल्या वस्तूवर त्याचे फोटो फार देखणे येतात. कासवर वाऱ्यापुढे त्याचंही काही चालत नाही.

कासबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण साताऱ्यात राहून ट्यूब घेण्याचं खरं कारण तेच. यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटरवर हे पठार. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत कास आहे. बहुतेक लोक तिथे गालिचे टिपायला जातात: गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, वाइड लेन्स, वर ढग. ते सुंदरच असतं. पण जांभ्याच्या कातळावर मातीचा जो पातळ थर आहे, त्यात उगवणाऱ्या कितीतरी वनस्पती बोटाच्या पेराएवढ्या आहेत, आणि उभ्या माणसाला त्यांचा फक्त रंग दिसतो.

सीतेची आसवं घ्या. जांभळट निळं इवलंसं फूल, खालच्या पाकळीवर दोन पांढरे ठिपके. ट्यूब लावून पहिल्यांदा ते फ्रेमभर बघितलं तेव्हा त्या ठिपक्यांच्या कडा कशा निळ्यात विरघळत जातात ते दिसलं, पाकळीवरच्या बारीक शिरा दिसल्या. या वनस्पतीला मुळं नसतात. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव अडकतात. शेजारीच दवबिंदू असते, तीही कीटक खाणारी. तिच्या लालसर केसांच्या टोकांवरचा चिकट थेंब सूर्याकडे तोंड करून बसलं की मण्यासारखा चमकतो. या दोन्हींसाठी ३६ ची ट्यूब. कवळा, ज्याला आपल्याकडे सगळे मिकी माउस म्हणतात, त्याला मात्र २० पुरे. त्या फुलाचे दोन कान आणि थोडं हिरवं भोवताल येऊ द्यावं, नाहीतर ते कशाचं फूल आहे हेच कळत नाही.

वारा हा कासवरचा सगळ्यांत मोठा अडथळा. सकाळी लवकर गेलात तर थोडा वेळ शांत मिळतो, उन्हं चढली की देठ डोलायला लागतात. मी आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त नेते आणि शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली येऊ देत नाही. छत्री आडवी धरून सोबत्याने वारा अडवला तर बराच फरक पडतो. काही जण देठाला चिमटे लावतात, काड्या रोवतात. ते तिथे करू नये, अगदी मनापासून सांगते. पायवाट सोडून फुलांत पाय टाकू नये, फोटोच्या मध्ये येणारं पातं तोडू नये. पायवाटेच्या कडेलाच इतकं काही असतं की पोटावर पडून दोन तास जातात. २००डीची वळणारी स्क्रीन इथे फार कामाला येते. कॅमेरा जमिनीलगत ठेवून वरून बघता येतं आणि कोपराखालीसुद्धा काही चिरडत नाही. शनिवार-रविवारच्या गर्दीत हे जमणार नाही. आडवारी जा.

प्रकाशाचं म्हणाल तर ढगाळ आभाळ उत्तम. ऊन असेल तर सोबत्याच्या सावलीत फूल घ्या. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश इथे चालत नाही. ट्यूबमुळे लेन्स लांब होते आणि तिचीच सावली फुलावर पडते. तिन्ही नळ्या लावल्या तर लेन्सचं तोंड आणि फूल यांच्यात चार-पाच बोटंच राहतात, तिथे प्रकाश शिरणार कुठून! बाहेरचा छोटा फ्लॅश बाजूने धरून त्यावर ट्रेसिंग पेपर ताणला की काम होतं. घरात कोळ्यासाठी तेच वापरलं, शटर १/२००, आयएसओ १००.

दवाचं काम हिवाळ्यात. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर पहाटे गवताच्या टोकाला थेंब असतात, आणि थेंब स्वतःच भिंग असल्यामुळे मागचं फूल त्यात उलटं दिसतं. फोकस थेंबाच्या कडेवर नको, आतल्या त्या उलट्या फुलावर हवा. दोन्हींच्या जागा वेगळ्या असतात, स्क्रीन दहापट मोठी केल्याशिवाय तो फरक दिसत नाही. मोहोरावर मुंग्या आणि तुडतुडे मिळतात, पण पन्नासची लेन्स इतकी जवळ न्यावी लागते की तुडतुडा उडून जातो.

आमची मंडळी महिन्यातून दोन-तीनदा पोवई नाक्याजवळ चहाला जमते. तिथे एक रिवाज आहे: फोटो दाखवायचा तर त्याबरोबर ट्यूब कोणती, अपर्चर किती, प्रकाश कुठून, हेही सांगायचं, आणि न कापलेली मूळ फ्रेम दाखवायची. नुसतं "छान आलाय" म्हणून कुणी सोडत नाही. "मागचं पिवळं टोचतंय", "बोटभर खाली बसली असतीस तर पार्श्वभूमी लांब गेली असती", असं बोललं जातं. एका ताईंनी माझ्या सोनकीच्या फोटोवर सांगितलं की फुलामागचं गवत वीतभर लांब असलेली जागा निवड, धूसरपणा अपर्चर न उघडता मिळेल. तेव्हापासून मी आधी मागची जागा शोधते आणि मग फूल. ट्यूबसोबत येणाऱ्या कागदावर यातलं काही नसतं, आणि हे सांगणारी माणसं नसती तर माझा सेट दिवाळीआधीच कपाटात गेला असता, असं मला खरंच वाटतं.

तक्रारीही आहेत. माझा सेट साध्या बनावटीचा आहे, माउंट (कॅमेऱ्याला अडकणारी कडी) धातूचं आणि अंग प्लास्टिकचं. तिन्ही नळ्या एकत्र जोडल्या की लेन्स किंचित डुलते. पन्नासची लेन्स वजनाने १६० ग्रॅमच्या आसपास, म्हणून चालून जातं. जड लेन्स मी त्यावर टांगणार नाही. कासच्या दमट हवेत मधूनच कॅमेरा एरर ०१ दाखवायचा. कोरड्या सुती कापडाने कॉन्टॅक्ट पुसले की सुरू. शिवाय दर वेळी ट्यूब बदलताना सेन्सर उघडा पडतो. मी बॅगेच्या आत, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदलते, आणि शक्यतो घरून निघतानाच एक ठरवून लावते. ट्यूब असताना लांबचं काही फोकस होत नाही, तेव्हा समोर दरीत ढग उतरले तरी ते सोडून द्यावे लागतात.

फुलं, दव, बिया, घरातल्या वस्तू यांसाठी हा सेट मला पुरून उरला. फुलपाखरं, चतुर, जिवंत कीटक हाच ज्यांचा ध्यास आहे, त्यांनी पैसे साठवून ९० किंवा १०० एमएमची खरी मॅक्रो लेन्सच घ्यावी. तिथे लांबून काम होतं आणि ऑटोफोकसही मिळतो. ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांनी आपल्याच माउंटचा सेट कुणाकडून तरी आठवडाभर मागून घ्यावा आणि पहिले दोन दिवस फक्त २० ची ट्यूब लावून परसातल्या जास्वंदीवर काम करावं. माझा सध्या त्या इंजिनीअरिंगच्या मुलाकडे आहे, पुढच्या रविवारी परत येईल.