गुलमर्गला बर्फ नव्हता, आणि हे आमच्या संयोजकाला ठाऊक होते

जानेवारी २०२४ मध्ये मी, पत्नी आणि सतरा वर्षांची मुलगी असे तिघे स्कीइंग शिकण्यासाठी गुलमर्गला गेलो आणि तेथे वाळलेल्या तपकिरी गवतावर उभे राहिलो. त्या महिन्यात काश्मीर खोऱ्यात बर्फ जवळजवळ पडलाच नव्हता. तशा बातम्या आम्ही निघण्यापूर्वी वाचल्याही होत्या. मात्र ज्या सहल-संयोजकाकडे आम्ही तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे माणशी १५,००० रुपये आगाऊ भरले होते, त्याने त्या बातम्या श्रीनगर शहराच्या आहेत, गुलमर्ग २,६५० मीटर उंचीवर असल्याने तेथे भरपूर बर्फ आहे, असे ठामपणे सांगितले आणि पांढऱ्याशुभ्र उतारांची छायाचित्रे पाठवली. परतल्यावर मुलीने त्यांतील एक छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा मागच्या फलकावर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा, २०२३ असे स्पष्ट वाचता आले.

आमच्या चालकाला हे श्रीनगरातच माहीत होते. एरवी ऐन हिवाळ्यात पायथ्याच्या टंगमर्ग गावापासून वरच्या तेरा किलोमीटरांसाठी चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात किंवा दुसरी गाडी करावी लागते. आमची साधी गाडी मात्र कोरड्या रस्त्याने सरळ वर गेली. गोंडोलाच्या, म्हणजे वर नेणाऱ्या रोपवेच्या, प्रवेशद्वाराशी दुसरा धक्का बसला. ही तिकिटे प्रवाशाच्या नावाने ऑनलाइन निघतात आणि ओळखपत्राशी ताडून पाहिली जातात. आमच्या हाती दिलेल्या कागदांवर कोणत्या तरी दुसऱ्याच कुटुंबाची नावे होती.

ज्याने आम्हाला खरी हकिगत सांगितली, तो बाजारात भावासोबत स्की भाड्याने देण्याचे छोटे दुकान चालवतो आणि स्वतः शिकवतोही. आमच्या संयोजकाने आदल्याच आठवड्यात त्याला फोन करून साधनांसह प्रशिक्षकाचे माणशी दिवसाला १,००० रुपये देऊ केले होते, आणि तेही हंगाम संपल्यावर. त्याने नकार दिला होता आणि येथे बर्फ नाही, पाहुण्यांना पाठवू नका, असेही बजावले होते. म्हणजे आम्ही पुण्याहून निघालो तेव्हा संयोजकाला सर्व ठाऊक होते. आणि त्याने ज्याला नेमायचे ठरवले होते, त्या माणसाला आमच्या ४५,००० रुपयांतले जेमतेम ९,००० मिळणार होते. आमच्या पैशांइतकीच ही गोष्ट मला लागली. त्या दुकानदाराने आम्हाला कहवा पाजला, एक पैसाही घेतला नाही आणि पुन्हा येण्यापूर्वी फोन करा, एवढेच सांगितले.

हवामान आमच्या हातात नाही, असे सांगून संयोजकाने परतावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, परंतु आमचे बहुतेक बोलणे फोनवर झाले होते, रक्कम यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर गेली होती आणि तिची पावती नव्हती. बर्फ नसल्यास पैसे परत मिळतील का, प्रशिक्षक कोण आणि तो कोणत्या दुकानातला, हे भरण्याआधी लेखी मागितले असते, तर बहुधा तेव्हाच त्याची टाळाटाळ दिसली असती.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही थेट त्या भावांशी बोललो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही विमानाची तिकिटे काढणार होतो, तर त्यांनीच थांबायला लावले. बर्फाअभावी त्या वर्षी गुलमर्गच्या हिवाळी स्पर्धाही फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. महिनाअखेरीस हिमवृष्टी झाल्यावर त्यांचा निरोप आला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. थोडी रक्कम आगाऊ दिली होती, उरलेली रोज संध्याकाळी त्यांच्याच हातात दिली.

पहिल्या सकाळी त्यांनी मुलीचे वजन आणि उंची विचारली, टाच वर उचलत नाही ना हे पाहून दोनदा बूट बदलले आणि मग बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू फिरवला. पडताना स्की बुटापासून सुटली पाहिजे. स्क्रू गरजेपेक्षा घट्ट असला, तर ती सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. दुसऱ्या दिवशी मुलगी जोरात पडली, स्की सुटून बाजूला गेली आणि ती हसत उठली. वरच्या अफरवट शिखराच्या उतारांवर जाण्याचा तिचा हट्ट मात्र त्यांनी मोडून काढला, कारण तेथे हिमस्खलनाचा धोका असतो आणि नवशिक्याचे ते ठिकाण नव्हे. त्यात त्यांचेच एका दिवसाचे उत्पन्न बुडाले.

ज्यांना सरकारी व्यवस्था अधिक भरवशाची वाटते, त्यांनी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या गुलमर्ग येथील स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत अभ्यासक्रमांची चौकशी करावी. मात्र ती स्वतः करावी, मध्यस्थाकरवी नव्हे.

आमच्या त्या संयोजकाची नवी जाहिरात गेल्या महिन्यात माझ्या फोनवर आली. छायाचित्रे तीच आहेत, फक्त फलकाचा भाग कापून टाकला आहे.