मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग : इंदूरच्या दवाखान्यातील आठ महिन्यांचा अनुभव

इंदूरमधील एका छोट्या मधुमेह दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आठ महिन्यांपूर्वी दोन दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा करून मी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे सवय बदलण्याची इच्छा रुग्णाच्याच बोलण्यातून जागवणारी संवादाची पद्धत, शिकायला सुरुवात केली. रोज वापरल्यानंतर त्याविषयी जे मत बनले, ते येथे नोंदवते.

ही पद्धत मुळात मद्यपान सोडवण्याच्या कामातून आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये तिच्यावर पहिला लेख लिहिला आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह तिची सविस्तर मांडणी केली. माणसाला बदल हवाही असतो आणि नकोही असतो. आपण ‘हवा’च्या बाजूने जोर लावला की तो आपसूक ‘नको’ची बाजू लढवू लागतो, म्हणून बदलाची कारणे त्याच्याच तोंडून यायला हवीत, हे तिचे मर्म आहे. समोरच्याची चूक लगेच दुरुस्त करण्याची आपल्याला जी उबळ येते, ती आवरणे हा पहिला धडा, आणि तोच मला सर्वांत जड गेला. बारा वर्षे तक्ते हातात देऊन सल्ले दिल्यावर गप्प बसणे म्हणजे कामचुकारपणाच वाटत होता.

खरी अडचण भाषेची निघाली. कार्यशाळेतला सराव इंग्रजीत आणि बहुतेक दारूच्या उदाहरणांवर झाला होता. येथे मात्र समोर पोहे-जिलेबीवर वाढलेली आणि वरणावरही शेव भुरभुरणारी माणसे. रुग्णाचे म्हणणे समजून घेऊन ते विधानरूपाने त्याच्यापुढे ठेवायचे असते, पण मराठीत आपण सवयीने शेवटी ‘का?’ लावतो आणि विधानाची उलटतपासणी होते. तो ‘का’ गाळायला मला दोन महिने लागले. रामबागेतील एका वयस्कर काकांना मी एवढेच म्हणाले, “शेवेशिवाय जेवण जेवणच वाटणार नाही.” काका थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “तसं नाही हो. रात्री तर मला ती नकोच असते, हात आपला सवयीनं डब्याकडे जातो.” पूर्वी मी या जागी शेवेतल्या तेलावर व्याख्यान दिले असते. त्या दिवशी रात्रीचा डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवण्याची युक्ती त्यांनीच काढली.

‘शाबास’ हा शब्दही मला सोडावा लागला. वडीलधाऱ्यांना तो शोभत नाही, आणि शिवाय त्यात परीक्षकाचा सूर येतो. “लग्नघराच्या धावपळीतही तुम्ही शुगरची वही भरलीत” असे नेमके वाक्य अधिक पोहोचते. शून्य ते दहाच्या मोजपट्टीचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून चालला. हा बदल तुम्हाला शून्य ते दहापैकी किती महत्त्वाचा वाटतो, असे विचारल्यावर रुग्णाने ‘पाच’ सांगितले की ‘आठ का नाही’ असे न विचारता ‘तीन का नाही’ असे विचारायचे. मग तो स्वतःच बदलाची बाजू मांडू लागतो.

उणिवाही सांगायला हव्यात. ओपीडीतील दहा मिनिटांत हे सर्व बसत नाही. ज्याचा निर्णय आधीच झाला आहे, त्याला केवळ माहिती हवी असते. त्याच्या भावना उलगडत बसलात तर तो वैतागतो, आणि ते योग्यच आहे. सोबत मुलगा किंवा सून असली की तीच उत्तरे देते, यावर मला अजून चांगला तोडगा सापडलेला नाही. शुगरच्या आकड्यांचे श्रेयही मी या पद्धतीला देणार नाही, कारण अनेकांची औषधे त्याच काळात बदलली. मला दिसलेला फरक इतकाच, की खाण्याबाबत खोटे सांगणारे कमी झाले.

केवळ कार्यशाळेवर पैसे खर्चणार असाल, तर मी थांबायला सांगेन. तिथे शिकलेले पुढच्या सरावाशिवाय ओसरते, हे प्रशिक्षणाविषयीच्या संशोधनातही दिसले आहे. मी रुग्णांच्या परवानगीने संभाषणे ध्वनिमुद्रित करून प्रश्न आणि प्रतिसादाची विधाने मोजते. एका प्रश्नामागे दोन विधाने हे चांगल्या कामाचे प्रमाण मानतात. माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणात सतरा प्रश्न होते आणि विधाने तीन. आता ती जेमतेम बरोबरीला आली आहेत. त्यातही घाईच्या सोमवारी प्रश्नच पुढे जातात.