धरमपेठेतील सहायक शिक्षकांचा तयारी वर्ग: फ्रान्समध्ये दोन महिने शिकवल्यानंतरचे मत

फ्रान्समधील सरकारी शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून दरवर्षी परदेशांतील तरुण घेतले जातात आणि त्यांत भारतीयही असतात. काम ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिन्यांचे आणि आठवड्याला १२ तासांचे. त्यासाठी निघण्यापूर्वी मी नागपूरच्या धरमपेठेत, एक निवृत्त प्राध्यापिका स्वतःच्या घरी घेतात तो सहा आठवड्यांचा तयारी वर्ग केला. आता इथल्या एका 'कोलेज'मध्ये, म्हणजे ११ ते १५ वर्षांच्या मुलांच्या शाळेत, दोन महिने काढल्यावर त्या वर्गाविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

या वर्गाची सर्वांत जमेची बाजू अशी की मॅडम तिथे व्याकरण शिकवू देत नाहीत. ते काम शाळेच्या इंग्रजीच्या शिक्षकाचे असते. सहायकाने दहा-बारा मुलांना वेगळ्या खोलीत नेऊन बोलते करायचे असते, आणि इंग्रजी मुख्यतः फळ्यावरून व वहीतून शिकलेल्या आपल्यासारख्यांना नेमके तेच जड जाते. मॅडम प्रत्येकाला दहा मिनिटे देत, बाकीच्यांना विद्यार्थी करून समोर बसवत आणि त्या दहा मिनिटांत शिकवणारा स्वतः किती वेळ बोलला ते घड्याळ लावून मोजत. पहिल्या दिवशी माझीच आठ मिनिटे भरली. "तू थांबलीस की मुलं बोलतील, तोवर धीर धर," एवढेच त्या म्हणाल्या. चौथ्या आठवड्यात मी अडीच मिनिटांवर आले होते.

वर्गात नेण्यासाठी फोटोऐवजी हातात धरता येईल अशी घरातली एखादी वस्तू न्या, हाही त्यांचाच आग्रह. मी तान्ह्या पोळ्याचा माझा लहानपणीचा लाकडी नंदी बॅगेत घातला. इथे बारा वर्षांच्या मुलांपुढे तो टेबलावर ठेवला आणि काहीही न विचारता उभी राहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही, मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "इज इट एवी?" फ्रेंच बोलणाऱ्यांच्या तोंडी 'ह' सहज येत नाही, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवले असल्यामुळे त्याला 'हेवी' म्हणायचे आहे हे मला लगेच कळले. नंदी हातोहात फिरला, प्रत्येकाने वजनाचा अंदाज सांगितला, आणि नागपूरची मुले तो सजवून घरोघरी का नेतात हे सांगेपर्यंत तास संपला. आपल्या उच्चारांची जी भीती मनात होती ती त्या तासानंतर राहिली नाही.

कागदपत्रे आणि पैसे या बाबतीत मात्र वर्ग फार कमी पडतो. फ्रान्समध्ये सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळवण्यासाठी जन्मदाखला आणि त्याचा फ्रेंच अनुवाद लागतो. आपल्याकडे जन्माची नोंद पुष्कळदा बारशाच्या आधीच होते. माझ्याही दाखल्यात नावाचा रकाना कोरा होता, आणि ते मी इथे पोहोचल्यावर लक्षात आल्याने बाबांना नागपुरात धावपळ करावी लागली. दाखला काढून एकदा वाचून पाहा, एवढे कोणी सांगितले असते तरी तीन आठवडे वाचले असते. मानधन हातात सुमारे ८०० युरो पडते आणि तेही महिनाअखेरीस. त्यामुळे पहिला महिना, खोलीचे भाडे आणि अनामत ही सगळी सोय घरूनच करून निघावे लागते. बँकेत खाते उघडायला पत्ता लागतो आणि खोली देणारा बँकेचे कागद मागतो, हा पेचही इथे आल्यावरच कळला. मी हे सारे मॅडमना सविस्तर लिहून पाठवले, आणि पुढच्या तुकडीपासून एक पूर्ण रविवार कागदपत्रांसाठी ठेवणार असल्याचे त्यांनी कळवले आहे.

मी ९,००० रुपये शुल्क भरले, आणि शिकवण्याच्या सरावापुरते बोलायचे तर ते मला मुळीच जास्त वाटत नाही. मात्र एका तुकडीत आठच जण घेतात, तेव्हा नाव लवकर नोंदवावे. निवडीसाठी साधारण बी-१ पातळीचे, म्हणजे रोजच्या विषयांवर बोलता येईल इतपत, फ्रेंच यावे लागते आणि हा वर्ग फ्रेंच शिकवत नाही, म्हणून भाषेची तयारी नसलेल्यांनी आधी ती करावी आणि मग या वर्गाला यावे.