उच्चारांचा रविवारचा क्लास लावला, ओटोरायनोलॅरिंगॉलजी एकदाचं जमलं!

मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. डॉक्टरांच्या लेटरहेडवर ओटोरायनोलॅरिंगॉलजी असा भलामोठा शब्द आहे आणि फोनवर कुणी विचारलं की मी ईएनटी म्हणून वेळ मारून न्यायचे, कारण निम्म्यात जीभ अडकायचीच. म्हणून घराजवळचा इंग्रजी उच्चारांचा क्लास लावला, 8 रविवार, दीड दीड तास.

मॅडमनी आधी शब्द फोडायला लावला. ओटो म्हणजे कान, रायनो म्हणजे नाक (गेंड्याचा रायनो तो हाच, नाकावर शिंग ना), लॅरिंग म्हणजे स्वरयंत्र आणि शेवटी लॉजी, सगळं मुळात ग्रीक. अर्थ कळला आणि भीतीच गेली माझी. मग टाळ्या वाजवत सिलॅबल मोजले, ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जी, भरले नऊ. आणि इथे मला जे कळलं त्यासाठीच पैसे वसूल झाले, की अर्थाचे तुकडे आणि तोंडातले तुकडे एकाच जागी पडत नाहीत. तो ग आहे लॅरिंगचा पण बोलताना पुढच्या ऑ ला जाऊन चिकटतो, त्याचा गॉ होतो आणि शब्दाचा मुख्य जोर नेमका त्या गॉ वरच येतो! लॉजीवाल्या शब्दांत जोर शेवटून तिसऱ्यावर, बायॉलजी, सायकॉलजी, सगळीकडे तेच.

मी विचारलं, मॅडम हे आपल्या लघु-गुरूसारखंच का? त्या म्हणाल्या नाही गं, प्रत्यय बदलला की जोर उडी मारतो. फोटोग्राफमध्ये पहिल्यावर, फटॉग्रफीत दुसऱ्यावर, फोटोग्रॅफिकमध्ये तिसऱ्यावर. जोर गेला की तिथला स्वर बारीक अ होऊन जातो, आपण मात्र प्रत्येक अक्षर सारखं ठासून म्हणतो म्हणून ऐकणाऱ्याला शब्द पटकन सापडत नाही. प्रत्येकाच्या हातात रबरबँड दिला होता, जोराच्या जागी ताणायचा, बाकी ठिकाणी सैल सोडायचा. दोन रविवारांत हाताला कळायला लागलं आणि मग तोंडाला.

तक्रार एकच पण मोठी आहे. नोट्सची झेरॉक्स इतकी फिकी की डिक्शनरीत जोराच्या सिलॅबलआधी वरती छोटी उभी रेघ असते ना तीच उमटलेली नाही, मग घरी बसून प्रॅक्टिस कशाची करायची? शिवाय संध्याकाळच्या बॅचला 22 जण, माझी पाळी तासात दोनदा आली तर आली. मॅडम मात्र खरंच जीव ओतून शिकवतात, कुणाला हसत नाहीत, दहादा चुकलं तरी पुन्हा म्हणून घेतात.

परवा मस्कतहून एका काकांचा फोन आला, त्यांना डिपार्टमेंटचं पूर्ण नाव इन्शुरन्सच्या फॉर्मसाठी हवं होतं, मी न थांबता सांगितलं आणि त्यांनी एका दमात लिहून घेतलं. लावणार असाल तर सकाळची बॅच घ्या, तिथे 9-10 च जण असतात, आणि नोट्स मॅडमच्या वहीवरून स्वतः उतरवा, त्या देतात.